वाचकांचे प्रश्न : बेताच्या पैशांत गेमिंग संगणक

या महिन्यात खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत : सुटे भाग निवडून जुळवून घेतलेला, खेळांसाठीचा संगणक. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्यामुळे आणि इतर भागांचे दरही सतत हलत असल्यामुळे उत्तरांमध्ये किमतींपेक्षा निवडीच्या कारणांवर भर दिला आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याला व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळण्यासाठी संगणक हवा आहे. अभ्यासालाही तो उपयोगी पडेल, असे त्याचे म्हणणे आहे. एका दुकानदाराने आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांचे कॅबिनेट असे २६ हजार रुपयांचे कोटेशन दिले आहे. आमच्या शेजाऱ्यांनी याहून जास्त पैसे देऊन आय-थ्रीचा संगणक घेतला. मग हा घ्यायला हरकत आहे का?
— एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : हरकत आहे. आपण पाठवलेल्या कोटेशनमध्ये एकाही भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक नाही. आय-सेव्हन हे इंटेलच्या एका मालिकेचे नाव असून ते अनेक वर्षे चालत आले आहे; प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे हे त्यापुढच्या आकड्यांवरून ठरते. या रकमेत नवा आय-सेव्हन बसत नाही, त्यामुळे तो बहुधा २०११ मधला २६०० किंवा २०१२ मधला ३७७० असावा. कार्यालयांतून मोडीत निघालेल्या संगणकांतले हे प्रोसेसर साध्या मदरबोर्डवर बसवून, नव्या कॅबिनेटमध्ये घालून विकले जातात. ३७७० मध्ये चार कोअर (गणना करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आहेत. २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१०० मध्येही तेवढेच आहेत, परंतु त्याचा प्रत्येक कोअर जुन्याच्या दीडपटीहून अधिक काम करतो. शेजाऱ्यांचा आय-थ्री बाराव्या पिढीचा असेल, तर त्यांचा व्यवहार आपल्या कोटेशनपेक्षा चांगला झाला आहे.

दुसरी अडचण विंडोजची आहे. विंडोज १० साठीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच अधिकृतपणे मान्य आहेत. आडमार्गाने जुन्या यंत्रावरही विंडोज ११ बसवता येते. पण व्हॅलोरंटची फसवणूक-प्रतिबंधक यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची यंत्रणा) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची तपासणी) या दोन्ही गोष्टी मागते. इतक्या जुन्या यंत्रात त्या बहुधा नसतात, आणि ज्या खेळासाठी मुलगा हट्ट धरून बसला आहे तोच तिथे अडकतो.

राहिले ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’. ४ जीबी ही कार्डाच्या स्मृतीची क्षमता झाली, त्याचा वेग नव्हे. विहीर ऐसपैस खोदली आणि तिच्यावर अर्ध्या एचपीचा पंप बसवला, तर शेताला पाणी अर्ध्या एचपीचेच मिळणार. अशा कोटेशनमध्ये बऱ्याचदा २०१४ मधले जीटी ७३० हे कार्ड असते, आणि आजच्या खेळांसाठी त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

आपल्या गरजेसाठी मी वेगळा मार्ग सुचवीन. मुलाचे दोन्ही खेळ हलके आहेत. जीटीए फाइव्हची संगणकावरची मूळ आवृत्ती २०१५ सालची आहे. त्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आत्ताच घेण्याची गरज नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय आहे, आणि तिच्यावर व्हॅलोरंट उत्तम, तर जीटीए फाइव्ह बेताच्या सेटिंगवर समाधानकारक चालतो. मात्र अशा प्रोसेसरला ग्राफिक्ससाठीही मुख्य रॅमच वापरावी लागते, त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात; एकाच पट्टीवर स्मृतीकडे जाणारा रस्ता निम्मा राहतो आणि खेळ अडखळतो. पुढे मोठे खेळ खेळावेसे वाटले की याच संगणकात कार्ड घालता येईल, फक्त त्यासाठी पॉवर सप्लाय, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट एसएमपीएस म्हणतात तो, आजच चांगला घ्यावा. दुकानदाराकडून प्रत्येक भागाचा पूर्ण क्रमांक, तो नवा आहे की वापरलेला, आणि त्याची वॉरंटी किती, हे जीएसटीच्या पक्क्या बिलावर लिहून मागावे. जो दुकानदार हे लिहून देण्यास टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पुन्हा जाण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॉनिटर माझ्याकडे आहे, फुल एचडी. बाकी संगणकासाठी ५० हजारांपर्यंत जमवले आहेत. रायझन ५ ५६०० घ्यावा की आय-थ्री १२१००एफ? कार्ड आरएक्स ६६०० की आरटीएक्स ३०५०? वर्गमित्र म्हणतात की मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची एएम४ ही खाच आता संपली, थेट एएम५ घे.
— एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : खेळांसाठीच्या संगणकात आधी ग्राफिक्स कार्ड ठरवावे आणि उरलेल्या पैशांत बाकीचे भाग बसवावेत, कारण फुल एचडी पडद्यावर बहुतेक खेळांची गती कार्डच ठरवते. एकूण रकमेतला ३५ ते ४० टक्के भाग कार्डावर गेला तरी तो वावगा मानू नये.

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने दोन वेगवेगळी कार्डे विकली जातात. २०२२ मधल्या कार्डात ८ जीबी स्मृती आणि १२८ बिटचा मार्ग आहे. २०२४ मध्ये आलेल्या कार्डात ६ जीबी, ९६ बिट आणि कोअरही कमी आहेत. खोक्यावरचे मोठे अक्षर दोन्हीकडे सारखेच असते. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६६०० मध्ये ८ जीबी स्मृती असून ते सुमारे १३२ वॉट वीज घेते, आणि निव्वळ खेळांच्या गतीत ते या दोन्ही ३०५० पेक्षा सरस आहे. तरीही अभ्यासक्रमात मशिन लर्निंग असेल किंवा आपण ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये बरेच काम करत असाल, तर एनव्हिडियाच्या कुडाला, म्हणजे कार्डावर गणिते चालवण्याच्या प्रणालीला, मिळणारा पाठिंबा मोलाचा ठरतो आणि ८ जीबीच्या ३०५० चा विचार करता येतो. आपल्या पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून माझे मत आरएक्स ६६०० कडे आहे. त्याच्यापेक्षा स्वस्त असलेले आरएक्स ६५०० एक्सटी मात्र कोणी सुचवले तरी घेऊ नये. त्यात स्मृती ४ जीबी आहे आणि मदरबोर्डशी बोलायला फक्त चार मार्गिका आहेत, त्यामुळे पीसीआयई ३.० च्या, म्हणजे या मार्गिकांच्या जुन्या पिढीच्या, बोर्डावर त्याची गती आणखी घसरते.

प्रोसेसरबाबत दोन्ही पर्याय योग्य आहेत. सहा कोअर आणि बारा थ्रेडचा रायझन ५ ५६०० हा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या खेळांत, आणि आपल्या प्रोग्रॅमिंगच्या कामातही, चार कोअरच्या आय-थ्रीपेक्षा पुढे राहील. मात्र ५५००, ५६०० आणि ५६००जी यांच्यात गल्लत होऊ देऊ नये. ५६०० मध्ये ३२ एमबी एल-थ्री कॅश (प्रोसेसरमधली जलद स्मृती) आणि पीसीआयई ४.० आहे, उरलेल्या दोघांत कॅश १६ एमबी आहे आणि पीसीआयई ३.० आहे. ‘थोडाच फरक आहे’ असे सांगून ५५०० हातात दिला जात असेल, तर किमतीतही तसाच फरक दिसला पाहिजे.

एएम५ विषयी मित्रांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नाही. तो सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, २०२२ मध्ये आला आणि त्यावर पुढचे प्रोसेसर बसत राहतील. पण त्याला डीडीआर ५ रॅमच लागते, आणि बोर्ड व रॅम यांवर जो जास्तीचा पैसा जाईल तो आपल्या ५० हजारांत कार्डातूनच कापावा लागेल. पाच वर्षांनंतरच्या सोयीसाठी आजचे कार्ड हलके करणे मला पटत नाही. एएम४ वर बी ५५० चा बोर्ड घ्यावा. दुकानात बी ४५० चा जुना साठा असेल आणि त्यात जुनेच बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारी मूळ आज्ञावली, असेल, तर ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवूनही पडद्यावर काहीच येत नाही. म्हणून बोर्ड आणि प्रोसेसर एकाच दुकानातून घ्यावेत आणि समोर चालू करून दाखवायला सांगावे.

आता खानदेशातल्या ग्राहकाने विशेष लक्षात घ्यावी अशी एक बाब. इंटेलच्या क्रमांकामागे ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नसते, आणि रायझन ५ ५६०० मध्येही ती नाही. कार्ड बिघडले तर ते दुरुस्तीसाठी बहुतेक वेळा मोठ्या शहरातल्या सेवाकेंद्रात कुरियरने जाते, आणि ते परत येईपर्यंत आपला संगणक निव्वळ लोखंडी पेटी होऊन बसतो. घरात दुसरा संगणक किंवा लॅपटॉप असेल तर ५६०० निश्चिंतपणे घ्यावा. हा एकच संगणक असेल, त्यावरच प्रकल्प आणि परीक्षेचे अर्ज अवलंबून असतील, तर एफ नसलेला आय-थ्री १२१०० किंवा पैसे पुरले तर आय-फाइव्ह १२४०० हा अधिक शहाणपणाचा पर्याय आहे. त्याच्या एच ६१० बोर्डांत डीडीआर ४ आणि डीडीआर ५ असे दोन्ही प्रकार येतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, एवढे तपासून घ्यावे.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० गतीची. बसवल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील गतीवर चालवण्याची सोय, सुरू करावे, नाहीतर ती कमी गतीवरच चालत राहते. साठवणुकीसाठी १ टीबीची साधी एनव्हीएमई एसएसडी पुरे आहे, कारण आजचा एकेक मोठा खेळ १०० जीबीच्या पुढे जातो.

प्रश्न : भुसावळचा उन्हाळा आपणांस ठाऊकच आहे. मे महिन्यात खेळताना संगणक अचानक मंद होतो. नवा घेताना लिक्विड कूलर घ्यावा का?
— एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : लिक्विड कूलरची आवश्यकता नाही. पंखा असो वा पाणी, कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त उष्णता बाहेर वाहून नेतो. भार तोच असेल तर खोलीचे तापमान आणि भागाचे तापमान यांतला फरक साधारण तेवढाच राहतो. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत जे कार्ड ७० अंशांवर चालते, ते ४० अंशांच्या खोलीत ८५ अंशांच्या आसपास जाते. ठरलेली मर्यादा गाठली की प्रोसेसर किंवा कार्ड स्वतःहून गती कमी करते, आणि आपणांस जाणवणारा मंदपणा तोच असावा. बाहेर पारा ४५ च्या वर असताना पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत ही मर्यादा लवकर येते. शक्य असेल तर संगणक तळमजल्यावर ठेवावा. जाड भिंतींच्या जुन्या धाब्याच्या घरात तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

लिक्विड कूलरचे पैसे कॅबिनेटवर खर्च करावेत. पुढची बाजू पूर्ण काचेची असलेली कॅबिनेटे दिसायला देखणी असतात, पण हवा आत येणार कुठून, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. पुढे जाळी, आत हवा ओढणारे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक, एवढी रचना पुरते. ६५ वॉटच्या प्रोसेसरला त्याच्या खोक्यातून येणारा कूलर बहुधा चालतो. त्याच्यापेक्षा मोठ्या आकाराचा साधा टॉवर कूलर घातला तर आवाज कमी होतो. खेळाची गती मॉनिटरच्या क्षमतेएवढीच मर्यादित करावी. ७५ हर्ट्‌झच्या पडद्यासाठी, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रे दाखवणाऱ्या पडद्यासाठी, कार्डाने सेकंदाला २०० चित्रे काढत बसण्यात उष्णतेशिवाय काहीच हाती लागत नाही.

पाण्याचा डेझर्ट कूलर चालू असलेल्या खोलीत संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नये. ओल आणि काळ्या मातीची बारीक धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर आणि कूलरच्या पत्र्यांत घट्ट थर बसतो. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ राहणाऱ्यांना तंतूंचाही त्रास होतो. म्हणून काढून धुता येतील अशा जाळ्या असलेले कॅबिनेट निवडावे. ब्लोअरने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवावा, भरधाव फिरू देऊ नये.

प्रश्न : आमच्या गावात वीज सारखी ये-जा करते आणि शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते. घरी इन्व्हर्टर आहे. वेगळा यूपीएस घ्यावा लागेल का? शिवाय चुलतभावाच्या संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ते धोक्याचे आहे का?
— एक केळी उत्पादक, यावल तालुका

उत्तर : झिणझिण्यांकडे आधी लक्ष द्यावे. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून अतिशय थोडा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्याकडे येतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल किंवा तीन पिनांचा प्लग दोनच्या जोडणीत घुसवलेला असेल, तर तो हाताला जाणवतो. एवढ्या प्रवाहाने सहसा इजा होत नाही, पण अर्थिंग नसताना आत एखादा खरा बिघाड झाला तर तोच पत्रा जीवघेणा ठरू शकतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय नवा संगणक लावूच नये.

व्होल्टेज पडण्यासाठी पॉवर सप्लायवर १०० ते २४० व्होल्ट असा पूर्ण पल्ला छापलेला आहे का, ते पाहावे. तसा असेल तर वेगळ्या स्टॅबिलायझरशिवाय निभावते. वॉटच्या मोठ्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नये. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून १२ ने गुणावे, कारण प्रोसेसर आणि कार्ड यांना वीज तिथूनच मिळते. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या ४५० वॉटच्या पेटीवर १४ अँपिअर लिहिलेले असतील, तर हिशेब १६८ वॉटांचाच झाला. आरएक्स ६६०० च्या संगणकाला नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा, खऱ्या ४५० ते ५५० वॉटचा सप्लाय हवा. एकूण खर्चात कुठेही काटकसर करावी, इथे करू नये. निकृष्ट सप्लाय जाताना स्वतःबरोबर बोर्ड आणि कार्डही नेऊ शकतो.

घरचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असेल आणि त्याच्यावरचे बटण यूपीएस मोडवर असेल, तर वेगळा यूपीएस न घेताही चालते. साधा इन्व्हर्टर असेल तर यूपीएस घ्यावा. ६०० व्हीएच्या यूपीएसमधून साधारण ३६० वॉट मिळतात, म्हणजे खेळ थांबवून संगणक रीतसर बंद करण्यापुरती काही मिनिटे हाती राहतात.

प्रश्न : आरएक्स ५८० हे कार्ड सेकंडहँड फार स्वस्त मिळते आहे. घ्यावे का?
— एक दुकान कर्मचारी, धुळे

उत्तर : आरएक्स ५८० हे २०१७ सालचे कार्ड आहे. त्यांतली बरीच कार्डे इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगमध्ये, म्हणजे गणिते करून ते चलन मिळवण्याच्या कामात, दिवसरात्र राबलेली आहेत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धत सोडल्यावर ती मोठ्या संख्येने बाजारात आली. त्यात ‘२०४८ एसपी’ (म्हणजे २०४८ गणन घटक) असे लिहिलेला प्रकार मूळ कार्डापेक्षा कमी ताकदीचा आहे. मूळ कार्डात असे २३०४ घटक असतात. शिवाय या कार्डात रे-ट्रेसिंगची, म्हणजे खेळातला प्रकाश हुबेहूब दाखवण्याची, यंत्रणा नाही आणि काही नवे खेळ तिच्याशिवाय सुरूच होत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा खेळ त्यांपैकीच असून त्याची एएमडीकडची किमान अपेक्षाच आरएक्स ६६०० ही आहे. फक्त जुने खेळ खेळायचे असतील आणि कार्ड खरोखर किरकोळ किमतीत मिळत असेल, तरच विचार करावा. विक्रेत्याच्या घरी जाऊन कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये क्रमांक पडताळावा, पंधरा मिनिटे कार्डावर पूर्ण भार टाकणारे फरमार्क चालवून पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का, पंखे खरखरतात का, हे पाहावे. चित्रफितीत ‘चालू’ दाखवलेल्या कार्डासाठी आगाऊ पैसे पाठवू नयेत.

प्रश्न : मुंबईला लॅमिंग्टन रोडवर भाग स्वस्त मिळतात असे ऐकतो. जाऊन आणावेत की जळगावलाच घ्यावेत?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : सगळे भाग एकाच ठिकाणचे असलेच पाहिजेत असे नाही. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी क्वचितच बिघडतात आणि त्यांची वॉरंटी कंपनीकडून मिळते. ते मुंबईहून किंवा घरबसल्या मागवले तरी चालतात, फक्त प्रोसेसर खोकाबंदच घ्यावा, कारण सुट्या ‘ट्रे’ मालाला तशी वॉरंटी नसते. मदरबोर्ड, सप्लाय आणि कार्ड यांसाठी जवळचा दुकानदार बरा. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये दोन-तीन ठिकाणी भाव विचारून पाहावेत. प्रवासाचा खर्च आणि बिघाड झाल्यास पुन्हा घालावा लागणारा हेलपाटा धरला, तर एखाद्या हजाराचा फरक उरत नाही.

प्रश्न : १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर आणि नवे कार्ड घेऊनही खेळात काहीच फरक दिसत नाही.
— एक विद्यार्थी, चाळीसगाव

उत्तर : मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या खाचेत नसून ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत आहे ना, हे आधी पाहावे, संगणकाच्या मागे दोन्ही खाचा एकाखाली एक असतात. त्यानंतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० ऐवजी १४४ हर्ट्‌झ निवडावे. तो पर्याय दिसतच नसेल, तर एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्टची केबल लावून पाहावी.